उन्हाचा मार आणि आपला हक्क

ऊन सर्वांना सारखेच लागते, असे म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. स्लॅबखाली कूलर लावून बसलेल्याचे ऊन निराळे. बिगारी, सफाई कामगार, हातगाडीवाला आणि पत्र्याच्या खोलीत स्वयंपाक करणारी माउली यांचे ऊन निराळे. दिवसभर तापलेला पत्रा रात्रीही खोली निवू देत नाही. झोप नाही, विसावा नाही आणि सकाळी पुन्हा काम!

कोळसा आणि तेल जाळल्यामुळे पृथ्वी तापत आहे व उष्णतेच्या लाटा वाढत आहेत. ज्यांनी हा धूर सर्वांत कमी केला, त्यांनाच त्याची झळ सर्वाधिक बसते. म्हणून हा प्रश्न आरोग्याचा आहे, तसाच न्यायाचाही आहे.

मे २०१० मध्ये अहमदाबादेत नेहमीपेक्षा १,३४४ माणसे अधिक दगावली, असे पुढे अभ्यासात दिसून आले. त्यानंतर २०१३ साली तेथे उष्णतेविरुद्ध आराखडा झाला. आगाऊ इशारा, पिण्याच्या पाण्याची सोय, दवाखान्यांची तयारी. म्हणजे असे मृत्यू हे नशीब नव्हे. ते टाळता येतात.

२०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा घटनेच्या कलम १४ व २१ मधून मिळणारा हक्क आहे. परमपूज्य बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ते माणुसकीच्या हक्कासाठी. मग कामाच्या जागी पाणी आणि सावली मागण्यात लाज कसली?

भगिनींनो, एवढे घरात सर्वांना शिकवा. ऊन बाधलेल्याचे अंग भट्टीसारखे तापते, तो बरळतो, त्याचा तोल जातो. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि ताबडतोब १०८ क्रमांकाला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

१४ एप्रिल ऐन उन्हाळ्यात येतो. यंदा मिरवणुकीच्या वाटेवर पाणपोई लावावीच. पण त्याआधी विहारात बैठक घेऊन नगरपालिकेला, ग्रामपंचायतीला लेखी निवेदन द्यावे : भर दुपारी उन्हातले काम बंद, कामावर सावली व पाणी, वस्तीत पुरेसे नळ. निवेदनाची पोच घ्यावी आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करावा.

जयभीम!