इंजिन बंद पडलं म्हणजे विमान पडलं, असं नाही

शिरपूरहून उडणारी शिकाऊ विमानं चोपडा तालुक्याला नवीन नाहीत. केळीला पाणी देताना, कपाशी निंदताना डोक्यावरून घरघर जाते, माणूस कपाळावर हात धरून वर बघतो आणि पुन्हा कामाला लागतो. १६ जुलै २०२१ ला मात्र असंच एक विमान वर्डी शिवाराच्या वर, सातपुड्याच्या जंगलात कोसळलं. आत दोघं होते. प्रशिक्षक गेले. त्यांची विद्यार्थिनी गंभीर जखमी झाली, पण वाचली. भर पावसाळ्यात त्या डोंगरात गाडी जाण्यासारखी वाट नव्हती. आसपासच्या आदिवासी लोकांनी एका बाईच्या साडीची झोळी केली आणि त्या मुलीला खांद्यावरून खाली आणलं.

तेव्हापासून आपल्याकडे विमानाचा विषय निघाला की काही गोष्टी ठामपणे बोलल्या जातात. त्यातल्या बऱ्याच चुकीच्या आहेत आणि एक-दोन तर जिवावर बेतणाऱ्या. त्या अपघाताच्या कारणांत मला शिरायचं नाही. पण छोटं विमान शेतात उतरतं कसं आणि आतला माणूस वाचतो कशामुळे, हे ज्यांच्या शेतावरून ही विमानं रोज जातात त्यांना माहीत असलंच पाहिजे. मदतीला पहिले धावणार ते तेच.

सगळ्यात पक्का गैरसमज असा की इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं खाली येतं. तसं होत नाही. विमानाला पंख उचलून धरतात. इंजिन फक्त पुढे ओढतं. ओढ थांबली तरी नाक थोडं खाली ठेवून विमान घसरत जातं, उतारावर पायडल न मारता सायकल जावी तसं. सेसनासारखं छोटं विमान एक फूट खाली येताना साधारण नऊ फूट पुढे जातं. जमिनीपासून तीन हजार फुटांवर इंजिन गेलं, तर वारा नसताना सुमारे आठ किलोमीटर जाता येतं आणि हाताशी चारेक मिनिटं असतात.

या चार मिनिटांचा सराव प्रत्येक शिकाऊ वैमानिकाकडून पुन्हा पुन्हा करून घेतात. प्रशिक्षक मध्येच इंजिनाची ताकद कमी करतात आणि विचारतात, "आता कुठे उतरशील?" विद्यार्थी शेत निवडतो, त्या दिशेनं खाली येतो, मग इंजिनाला पुन्हा जोर देऊन वर जातो. आकाशातला आवाज अचानक बसला आणि थोड्या वेळानं पुन्हा चढला, तर अनेकदा तो हाच सराव असतो.

मग माणसं मरतात कशानं? बहुतेक वेळा घाईनं, आणि विमान आणखी थोडं ताणण्याच्या मोहानं. शेत जरा लांब वाटलं की हात आपोआप नाक वर ओढतो. नाक वर गेलं की वेग कमी होतो, एका मर्यादेखाली पंखांवरची हवेची पकड सुटते आणि विमान खरोखरच पडतं. उड्डाण केल्याबरोबर इंजिन गेलं की धावपट्टीकडे मागे वळण्याचा मोह यासारखाच घातक. "मागे वळून उतरला का नाही?" हा प्रश्न आपण सहज विचारतो, पण एवढ्या कमी उंचीवर वळण पुरं होत नाही. समोर, फार तर थोडं डावी-उजवीकडे, जे मिळेल त्यात उतरायचं, हीच शिकवण असते.

"विमान मोडलं म्हणजे लँडिंग फसलं" हेही खरं नाही. अशा वेळी विमान वाचवायचं नसतं, माणूस वाचवायचा असतो. पंख, चाकं, शेपटी मोडू द्यायची. त्या मोडण्यातच धक्का जिरतो. निर्णायक असतो तो वेग. ताशी ८० किलोमीटर वेगानं टेकलेलं विमान तीन मीटरांच्या आत थांबलं तरी तो धक्का गुरुत्वाच्या नऊपटीच्या आसपास राहतो. खांद्यावरचा पट्टा घट्ट बांधलेला असेल तर माणूस तो सोसू शकतो. वेग दुप्पट झाला की तेवढ्याच धक्क्यासाठी अंतर चौपट लागतं, साडेअकरा मीटर. म्हणून वाऱ्याच्या तोंडाला उतरायचं. समोरून येणारा वारा जमिनीवरचा वेग कमी करतो. वर फिरणारा वैमानिक खाली धूर कुठल्या बाजूला झुकतोय ते पाहतो, ते याचसाठी.

रस्ता दिसत असताना शेतात कशाला? बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता वरून सरळ पट्ट्यासारखा दिसतो. पण त्यावर ट्रक असतात, कडेला झाडं, आणि आडव्या जाणाऱ्या विजेच्या तारा वरून जवळजवळ दिसतच नाहीत. मोकळं शेत बरं. त्यातही सगळी शेतं सारखी नाहीत. गहू काढून झालेलं, नुसती धसकटं उरलेलं रान उत्तम. नांगरलेल्या रानात तासाच्या दिशेनंच उतरायचं; आडवं उतरलं तर चाक तासात अडकून विमान कोलांटी खातं. भिजलेली काळी माती मऊ म्हणून बरी वाटते, पण तीही चाक गिळते. केळीच्या बागेचंही तसंच: खोड मऊ आणि पाण्यानं भरलेलं खरं, पण झाडं माणसापेक्षा उंच आणि ओळीनं दाट, त्यामुळे विमान हवेतच अडखळतं. तापीच्या पात्रातलं पाणी तर त्या वेगाला मऊ राहतच नाही; खाली पक्की चाकं असलेलं विमान पाण्यात नाकावर उलटतं. शेताची लांबीही बघावी लागते: सेसना १५२ ला पक्क्या धावपट्टीवर टेकल्यानंतर थांबायला दीडशे मीटर पुरतात, पण बांधावरची झाडं ओलांडून उतरायचं तर साडेतीनशेच्या वर लागतात.

विमान मोडलं तरी माणूस वाचतो, त्याचं एक उदाहरण: २५ जुलै २०२२ ला इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत बारामतीचं एक शिकाऊ विमान शेतात कोसळलं. आत एकटी विद्यार्थिनी होती. विमानाची मोडतोड झाली, तिला किरकोळ जखमा झाल्या.

आता बांधावरच्या माणसांबद्दल, कारण चूक इथंही होते. "आधी ओढून बाहेर काढा" हे प्रत्येक वेळी बरोबर नाही. आग लागली असेल, धूर निघत असेल, इंधनाचा वास येत असेल किंवा ते ठिबकत असेल, तर क्षणाचाही विलंब न करता बाहेर काढायचं. बहुतेक शिकाऊ विमानांच्या पंखांत पेट्रोलसारखं पेटणारं इंधन असतं, म्हणून बिडी, काडेपेटी लांब. असा धोका नसेल तर डोकं, मान आणि पाठ एका रेषेत धरून ठेवायची, वाहतं रक्त कापडानं दाबून धरायचं आणि जखमीशी बोलत राहायचं. पट्टा सुटत नसेल तर विळ्यानं कापता येतो. मात्र विमान उलटलेलं असेल तर आधी माणसाला दोघांनी आधार द्यायचा आणि मग कापायचा, नाहीतर तो मानेवर पडतो. पंख्याला हात लावू नका; थांबलेला दिसला तरी हलवल्यावर तो झटक्यानं फिरू शकतो. काही छोट्या विमानांत पूर्ण विमानाला पेलणारं पॅराशूट असतं. ते उघडायला आत रॉकेट असतं आणि बाहेर तशी सूचना चिकटवलेली असते. त्या जागेपासून दूर राहा.

जखमीला न्यायला खाट किंवा दाराची फळी मिळाली तर पाठ सरळ राहते. वर्डीच्या डोंगरात यातलं काही हाताशी नव्हतं; तिथं साडीच योग्य होती, आणि ती देणाऱ्या बाईचं मोल मला शब्दांत सांगता येत नाही.

"ब्लॅक बॉक्समधून सगळं कळेल" असंही म्हणतात. बहुतेक शिकाऊ विमानांत तो नसतोच. मोडलेले तुकडे, कोणतं बटण कुठल्या स्थितीत होतं, मातीवरच्या चाकांच्या खुणा, हाच पुरावा. माणूस बाहेर काढण्यापुरतं जे हलवावं लागेल ते हलवा. बाकी आठवण म्हणून एक पत्रासुद्धा घरी नेऊ नका. विमान अपघातांचा तपास करणारी केंद्राची यंत्रणा याच तुकड्यांवरून कारण शोधते. आवाज आधी बंद झाला की नंतर, विमान कोणत्या बाजूला कललं, हे पाहणाऱ्या शेतकऱ्याची साक्ष तिथं फार उपयोगी पडते.

फोन ११२ ला किंवा १०८ ला. गाव, शिवार, जवळचा रस्ता, आत किती माणसं, आग आहे की नाही, एवढं सांगायचं. आणि एक जण मोटारसायकलवर फाट्यावर पाठवायचा, म्हणजे रुग्णवाहिकेला मळ्यांच्या वाटा शोधत फिरावं लागणार नाही.