हट्टी लेकरू आणि वऱ्हाडचं ऊन

मे 2024 च्या अखेरच्या आठवड्यात अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हापायी जिल्ह्यात 144 कलम लावलं. पारा 45 अंशांच्या वर गेला होता. कामगारांना पाणी आणि पंखे द्या, खासगी शिकवण्या भर दुपारी घेऊ नका, असे आदेश निघाले. दीड-दोन वर्षांच्या लेकराला मात्र ऊन म्हणजे काय ते सांगून समजत नाही. त्याला दार उघडून अंगणात जायचं असतं. वऱ्हाडात मार्च सरता सरता खिडक्यांना पडदे लागतात, कूलर सुरू होतो, आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत आई आणि लेकरू एकाच खोलीत असतात. आई-बापांची खरी कसोटी त्या खोलीत लागते.

निमित्त काहीही पुरतं. पाणी पिवळ्या पेल्यात हवं होतं, आईने स्टीलच्या पेल्यात दिलं. लेकरू फरशीवर लोळण घेतं, टाचा आपटतं, पाठीची कमान करतं. आतून आजी विचारते, "काहून रडून राह्यलं व लेकरू? भूक लागली काय त्याले?" भूक नसते, काही दुखतही नसतं. इच्छा मोठी झालेली असते आणि ती सांगायला शब्द अपुरे असतात. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण तयार व्हायला माणसाला विशी ओलांडावी लागते. दोन वर्षांच्या पोराकडून संयमाची अपेक्षाच चुकीची आहे.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ मायकेल पोटेगल यांनी अशा आदळआपटीच्या शेकडो नोंदी तपासल्या. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे तीन चतुर्थांश प्रसंग पाच मिनिटांच्या आत संपलेले दिसले. त्यातली क्रमवारी पालकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. ओरडणं, लाथा झाडणं हा राग सुरुवातीलाच चढतो आणि उतरतो. मागे उरतं ते रडू, आणि त्या रड्यात लेकरू कुशी शोधतं. म्हणून पहिल्या मिनिटात समजावणं वाया जातं आणि धपाटा घातला तर रडं लांबतं. आसपासच्या टोकदार वस्तू बाजूला कराव्या, जवळ बसावं, गप्प राहावं. लेकराने हात वर केले की उचलून घ्यावं.

आणि हेच पोरगं संध्याकाळी बापाची चप्पल ओळखून दाराशी धावतं. आठवडाभर "बू" म्हणत असतं, एके दिवशी अचानक "बाबा, भूर" असे दोन शब्द जोडतं. तान्ह्या पोळ्याला चाकांचा लाकडी बैल दोरीने ओढत गल्लीभर मिरवतं. या वयाच्या पायांना आणि हातांना ओढण्याचाच सराव हवा असतो. या सणाने तो किती सुंदर पुरवला आहे!

जेवणाची तक्रार घरोघरी असते: "काहीच खात नाही हो डॉक्टर." पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या जवळपास तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात मात्र दोन-अडीच किलोच वाढतं. भूक कमी होणारच. अशा वेळी पोट भरावं म्हणून दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध पाजलं, तर जेवण आणखी मागे पडतं आणि रक्तात लोह कमी होण्याचा धोका वाढतो. वरण-भात, दुधात कुस्करलेली भाकरी, जे घरात शिजतं ते थोडं थोडं द्यावं आणि किती खायचं ते त्याच्यावर सोडावं. घासासाठी मोबाइल दाखवणं सोपं वाटतं. पण जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये एक वर्षाच्या मुलांसाठी पडदा नकोच म्हटलं आहे आणि दोन वर्षांनंतर दिवसाला जास्तीत जास्त एक तास.

एक गोष्ट जिवाची आहे. पाणी रोज येत नाही तिथे घराघरांत ड्रम आणि बादल्या भरलेल्या असतात. वीतभर पाण्यातही लेकरू बुडू शकतं. झाकणं घट्ट हवीत. कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढलेला असावा, आणि चालू कूलरला मुलाचा हात लागता कामा नये.

घराबाहेर अशा लेकरांचा विचार कुणी केला, त्याचा एक धागा वऱ्हाडातूनच जातो. लहान मुलांच्या शिक्षणाला महाराष्ट्रात नवं वळण देणाऱ्या ताराबाई मोडक लग्नानंतर अमरावतीत राहत होत्या. 1921 मध्ये तो संसार मोडला. पुढे राजकोट, मग भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम, आणि 1945 मध्ये बोर्डीचं ग्राम बाल शिक्षा केंद्र. शाळेपर्यंत येऊ न शकणाऱ्या मुलांच्या अंगणात शाळा नेण्याची कल्पना तिथे रुजली. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात अंगणवाड्यांमार्फत चालणारी एकात्मिक बालविकास योजना 33 ठिकाणी सुरू झाली, त्यांत मेळघाटातलं धारणी होतं. अंगणवाडी अशी अमरावती जिल्ह्यात आली.

पण अंगणवाडीतली शाळा तिसऱ्या वर्षानंतर. त्याआधी घरी न्यायचा आहार मिळतो, वजन होतं, लसीची आठवण दिली जाते. लेकराला दोन तास सांभाळणारं मात्र बहुतेक ठिकाणी कुणी नसतं. नोकरीसाठी गाव सोडून अमरावती-अकोल्याच्या नव्या वस्त्यांत आलेल्या जोडप्यांकडे आजीही नसते. प्रत्येक प्रभागात परवडणारं, भरवशाचं पाळणाघर ही नगरसेवकांकडे करायची मागणी आहे, आणि ती जोरात करायला हवी. तोवर शेजारी असं लेकरू असेल, तर ऊन उतरल्यावर तासभर त्याला फिरवून आणा. त्याच्या आईला तेवढं झोपू द्या.