तांबडे तंतु, पांढरे तंतु आणि मांसाचा मऊपणा

मांस म्हणजे मृत्यूनंतरचा स्नायु. ही व्याख्या कानाला कठोर वाटली तरी मांसाच्या गुणावगुणांचें मर्म तिच्यांतच आहे. एकाच जनावराच्या अंगावरील एक तुकडा मऊ व दुसरा वातड, एक गर्द व दुसरा फिका, असें कां व्हावें?

स्नायु हा केसाहूनहि बारीक तंतूंचा जुडगा असतो. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई रांव्हिए यानें १८७३ च्या सुमारास सशाच्या स्नायूंत दोन प्रकार दाखविले. तांबडे स्नायु सावकाश आंखडतात व लौकर थकत नाहींत. पांढरे झटकन् आंखडतात व लौकर थकतात. कोंबडीची तंगडी व छाती यांच्या रंगांतील फरक याच कारणाचा. तांबड्या तंतूंत प्राणवायु धरून ठेवणारें मायोग्लोबिन अधिक असतें. पांढऱ्यांची भिस्त ग्लायकोजेन या सांठविलेल्या पिष्टावर असते. गुरांच्या बहुतेक स्नायूंत दोन्ही प्रकार व मधल्या गुणांचे तंतु मिसळलेले असतात.

जनावर मेलें कीं प्राणवायु बंद होतो. परंतु तंतूंचें काम कांहीं तास चालूच राहतें. ग्लायकोजेनचें लॅक्टिक आम्ल बनतें आणि आम्लतेचा दर्शक अंक, पीएच, सुमारें ७ वरून ५.५ पर्यंत उतरतो. कत्तलीपूर्वी जनावर भ्यालेलें, उपाशी किंवा झुंजून दमलेलें असल्यास ग्लायकोजेन आधींच खर्च होतें. मग हा अंक ६ च्या आसपास अडतो. मांस काळसर व चिकट राहतें आणि लौकर नासतें. जनावरास शांतपणें वागविणें ही केवळ भूतदया नव्हे. त्यांत मालकाचाहि लाभ आहे.

न्यूझीलंडहून गोठविलेल्या मांसाचें पहिलें जहाज १८८२ मध्यें लंडनला पोंचलें. मांस टिकावें म्हणून तें त्वरित थंड करावें, हें उघड शहाणपण वाटे. परंतु तेथील लॉकर व हॅगयार्ड यांनीं १९६३ मध्यें निराळेंच दाखविलें. गोमांसाच्या ताज्या पट्ट्या १४ ते १९ अंश सेंटिग्रेडवर सर्वांत कमी आंखडल्या. २ अंशांवर मात्र जवळजवळ निम्म्या झाल्या. असें आंखडलेलें मांस शिजविलें तरी वातड लागतें. थंडीनें तंतूंतील कॅल्शियम सुटतें व त्यांना आकुंचनाची आज्ञा मिळते. तें परत ओढून घेणारी यंत्रणा तांबड्या तंतूंत दुबळी असल्यानें हा दोष त्यांतच अधिक आढळतो. म्हणून स्नायु ताठरेपर्यंत धड फार थंड करीत नाहींत, किंवा कत्तलीनंतर लगेच त्यांतून विजेचा प्रवाह सोडून त्याची उरलेली शक्ति संपवितात. त्यानंतर शीतगृहांत कांहीं दिवस मुरत ठेविलें असतां मांसांतील पाचक द्रव्यें तंतूंचे सांधे सैल करतात.

तथापि तंतूंच्या रंगावरूनच मऊपणाचा निकाल लावणें चुकीचें ठरेल. कण्याच्या आंतल्या बाजूचा स्नायु तांबड्या तंतूंनीं भरलेला असूनहि सर्वांत मऊ असतो. कारण त्याला श्रम थोडे आणि त्यांतील बंधक ऊतक विरळ. पायाच्या नळीचें मांस मात्र त्या ऊतकामुळेंच तासन्‌तास शिजवावें लागतें. तंतूंची जात, बंधक ऊतक, चरबी आणि मृत्यूच्या आधींची व नंतरची वागणूक या सर्वांचा मेळ ताटांतील घांसांत उतरलेला असतो.