मंथरा कोण होणार?

यंदा आमच्या समुद्रपूरच्या शाळेत गॅदरिंगसाठी रामायणातला एक प्रसंग बसवायचं ठरलं. राम व्हायला सात जण तयार! सीतेसाठी तर चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. अन् मंथरा? जिचं नाव घेतलं ती रडायलाच लागली. "मी नाही होत मॅडम, सारे मला वर्षभर चिडवतील!" तिचं काही खोटं नव्हतं. चिडवतातच.

मग तालीम थांबवून मी वर्गाला ललिता पवारांची गोष्ट सांगितली. तुम्हीही ऐका.

२०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनवर जुनं 'रामायण' पुन्हा लागलं होतं. मुळात ते १९८७ साली सुरू झालेलं. त्यातली ती वाकलेली, एक डोळा बारीक करून बघणारी मंथरा म्हणजे ललिताबाई. पण तो डोळा ही रंगभूषेची करामत नव्हती बरं का!

नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात १९१६ साली त्या जन्मल्या. मूकपटांच्या काळात, अगदी लहान वयातच त्या कामं करू लागल्या. पुढे नायिका झाल्या. १९४२ मध्ये एका चित्रीकरणात सहकलाकाराने त्यांना थप्पड मारायची होती. ती चुकून इतकी जोरात बसली की चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डावा डोळा कायमचा अधू झाला. उपचार वर्षानुवर्षं चालले. वय जेमतेम पंचविशीचं, आणि नायिकेची कामं संपली!

ललिताबाई घरी बसल्या नाहीत. त्याच चेहऱ्याने त्यांनी अशा खाष्ट सासवा रंगवल्या की प्रेक्षक दात-ओठ खात. पण 'श्री ४२०' मधली मायाळू केळेवालीही त्याच. आणि 'अनाडी' (१९५९) मधल्या मिसेस डिसा! ही घरमालकीण भाडेकरू राज कपूरवर सारखी ओरडते, पण जीव लावते. या कामाला फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. मला विचाराल तर मंथरेपेक्षा हेच काम सरस.

आमचे निळू फुलेही तसेच. पडद्यावर 'सामना' मधला कारस्थानी साखरसम्राट, प्रत्यक्षात राष्ट्र सेवा दलात घडलेला साधा माणूस.

"आता सांगा," मी विचारलं, "मंथरा नसती तर राम वनवासाला गेला असता का?" वर्ग चूप.

दुसऱ्या दिवशी ती रडणारी मुलगी आजीची काठी घेऊनच आली. सध्या एकच भांडण चालू आहे, पाठीला उशी बांधायची की ओढणीचं गाठोडं!