खायचा दाणा आणि पेरायचा दाणा

श्रोतेहो, कणगीत असते ते धान्य. आणि चाड्यावर मूठ धरली की तेच बी. दाणा एकच, पण आपल्या भाषेने त्याला दोन नावे दिली. घरातल्या जाणत्या बायकाही खायचे आणि पेरायचे कधी एकत्र ठेवीत नसत. पेरायचे ते निवडून, राख लावून, निराळ्या मडक्यात. परदेशातून येणाऱ्या दाण्यासाठी सरकारने जे नियम केले आहेत, त्यांच्या मुळाशी हाच भेद आहे.

माझ्या एका विद्यार्थ्याने मागे मला विचारले, "सर, आमच्या पेठेत मोझांबिकची तूर आली आहे. दाणा चांगला आहे. एक पोते बी म्हणून घेऊ या, असं वडील म्हणतात. काय हरकत आहे?" प्रश्न साधा आहे. पण त्याचे उत्तर द्यायचे तर ती तूर बंदरात कशी उतरली, येथून सुरुवात करावी लागेल.

आपल्याकडे यासंबंधी मूळ कायदा १९१४ सालचा. पिकांचा नाश करणाऱ्या किडी व रोग यांना अटकाव करणारा. त्याखाली २००३ साली वनस्पती संगरोधाचा, म्हणजे बाहेरून येणारा वनस्पतिजन्य माल तपासणीसाठी अडवून ठेवण्याचा, सविस्तर आदेश निघाला. तो असे सांगतो की, माल जहाजावर चढण्यापूर्वीच आयातीचा परवाना हवा. माल निघतो त्या देशाच्या कृषिखात्याचा रोगमुक्ततेचा दाखलाही हवा. बंदरात नमुना तपासतात. कीड दिसली तर धुरी देतात. दोष गंभीर असला तर माल परत धाडतात किंवा नष्ट करतात.

आता भेद पाहा. खाण्याच्या धान्याचा परवाना वेगळा आणि पेरणीच्या बियाण्याचा वेगळा. धान्य पुष्कळ बंदरांत उतरू शकते. पण बियाण्यासाठी मूळ आदेशाने अमृतसर, चेन्नई, कोलकाता, मुंबई आणि नवी दिल्ली ही पाचच संगरोध केंद्रे नेमून दिली. एवढी कडक नजर कशासाठी? कारण खायच्या दाण्याचा प्रवास चुलीवर संपतो. पेरायच्या दाण्याचा तेथून सुरू होतो, आणि त्याच्या पोटात बुरशी असेल तर तीही शेतात उतरते. धुरीने किडा मरतो. दाण्याच्या आतली बुरशी मरेलच असे नाही.

ही भीती पोकळ नव्हे. गव्हावरचा 'ब्लास्ट' हा करपा १९८५ साली ब्राझीलमध्ये प्रथम आढळला. २०१६ साली तो एकाएकी बांगलादेशात उमटला आणि सुमारे १५,००० हेक्टर गव्हाला त्याची बाधा झाली. ही बुरशी दक्षिण अमेरिकेतल्याच घराण्यातली, असे तिच्या तपासणीत आढळले. ब्राझीलहून खाण्यासाठी आणलेल्या गव्हाबरोबर ती आली असावी, असा संशय आहे. त्यापायी आपल्या पश्चिम बंगालमध्ये सरहद्दीलगतच्या शेतकऱ्यांना गहू पेरणेच काही वर्षे बंद ठेवावे लागले. चूक कोणाची आणि हंगाम कोणाचा गेला, याचा विचार करा.

उलट घडले तर? १९७१ साली इराकने पेरणीसाठी परदेशातून गहू आणि जव आणले. बुरशी लागू नये म्हणून त्यांवर पाऱ्याचे औषध चोळलेले होते. पोत्यांवर इशारा होता, पण परक्या भाषेत. शिवाय कित्येक ठिकाणी बी पोहोचले ते पेरणी उरकल्यावर. लोकांनी लाल रंग धुऊन टाकला, दळून भाकरी केल्या. रंग गेला, विष राहिले. साडेसहा हजारांवर माणसे रुग्णालयात गेली आणि चारशेंहून अधिक तेथे दगावली. म्हणून रंगीत बियाणे कितीही उरले तरी ते माणसाला नको, गुराला नको आणि कोंबड्यांनाही नको.

आता त्या तुरीकडे वळू. ती डाळीसाठी आली आहे. व्यापाऱ्याने ती बी म्हणून विकली, तर आयातीच्या परवान्याची अट मोडते. शिवाय बियाणे विकायला १९८३ च्या नियंत्रण आदेशाप्रमाणे वेगळा परवाना लागतो. त्याचा माल जप्त होईल, खटला होईल. पण शेतकऱ्याचे काय? तूर दिवसाच्या लांबीप्रमाणे फुलावर येते. दूरदेशीची ती जात आपल्याकडे केव्हा फुलेल, मर रोगाला टिकेल का, हे पोते सांगत नाही. पीक फसले तर हातात ना लेबल, ना बियाण्याची पावती. दाद कोणाकडे मागणार?

मात्र एक गैरसमज नको. स्वतःच्या शेतातले बी राखून पेरणे, शेजाऱ्याला देणे, एवढेच नव्हे तर छापील नावाशिवाय विकणे, हा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या कायद्याने मान्य केला आहे. हे नियम घरच्या मडक्याविरुद्ध नाहीत.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून मुलांकडून उगवण मोजून घ्या. सत्तर कोंब आले तर उगवण शेकडा सत्तर. पण लगेच हेही सांगा की, गोणपाट उगवण सांगते. रोग सांगत नाही आणि जातही सांगत नाही.

त्या विद्यार्थ्याला मी एवढेच म्हणालो, "वडिलांना सांग, तूर खुशाल घ्या. वरण चांगलं होईल. बी मात्र लेबल पाहून घ्या, पावती मागा, आणि पीक घरात येईपर्यंत पिशवी फेकू नका."