इंडेक्स वाढवले की डेटाबेस वेगवान होतो का?

डेटाबेस मंदावला की पहिला सल्ला ठरलेला असतो: इंडेक्स टाका. सल्ला अनेकदा बरोबरही असतो. पण प्रत्येक कॉलमवर इंडेक्स टाकला की सगळेच वेगवान होईल, हा समज मात्र बरोबर नाही.

इंडेक्स म्हणजे कॉलममधल्या व्हॅल्यू क्रमाने लावून त्या टेबलात कुठे आहेत हे नोंदवणारी वेगळी रचना. जाड ग्रंथाच्या शेवटी असलेल्या सूचीसारखी. मोजक्या पानांवरचा संदर्भ हवा असेल तर सूची कष्ट वाचवते. शब्द दर दुसऱ्या पानावर येत असेल, तर ग्रंथ सरळ चाळलेला बरा. म्हणूनच ‘सक्रिय’ आणि ‘निष्क्रिय’ नोंदी निम्म्यानिम्म्या असतील, तर प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची हे ठरवणारा भाग) त्या कॉलमवरचा इंडेक्स बहुधा बाजूला ठेवतो. शिवाय नवी नोंद आली की तिची भर प्रत्येक इंडेक्समध्ये घालावी लागते, त्यामुळे लिहिण्याचे काम मंदावते.

इंडेक्स असूनही वापरला जात नाही, असे तर फार वेळा दिसते. तारखेच्या कॉलमवर वर्ष काढणारे फंक्शन लावून 2024शी तुलना केली, तर तारखेवरचा साधा इंडेक्स कामी येत नाही. तीच अट ‘2024-01-01 पासून, 2025-01-01 च्या आधी’ अशी लिहिली की येतो.

तेव्हा आधी क्वेरीपुढे ‘एक्सप्लेन’ लिहून प्लॅन पाहावा. पोस्टग्रेसमध्ये ‘एक्सप्लेन ॲनालाइझ’ प्रत्यक्ष लागलेला वेळ दाखवते, पण त्यासाठी क्वेरी खरोखर चालवते. ‘डिलीट’पुढे ते लावले तर नोंदी जातात, म्हणून ते ट्रान्झॅक्शनमध्येच चालवून रोलबॅक (बदल मागे घेणे) करावे.