मोटारींत लॅपटॉप कसा बसवावा?

शेतीचा जमाखर्च पुष्कळ बागाईतदारांनीं आतां वहीवरून लॅपटॉपावर आणला आहे. फवारणीच्या नोंदी, मजुरीचा हिशोब, ठिबकाच्या पाळ्या, मालाच्या पावत्या, सातबाऱ्याच्या प्रती असें सर्व दप्तर त्या एका यंत्रांत सांठविलेलें असतें. बाग एका गांवीं, बिऱ्हाड दुसऱ्या गांवीं आणि बाजार तिसऱ्या गांवीं असल्यामुळें हें यंत्र मोटारींतून सारखें फिरत राहतें. मोटारींत तें कोठें व कसें ठेवावें, याचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाहीं. तो करणें किती अगत्याचें आहे, हें मला एका प्रसंगानें कळलें. तो प्रसंग प्रथम सांगतों.

गेल्या मार्गशीर्षांत मी माझ्या पुतण्याबरोबर त्याच्या मोटारींतून घाट उतरत होतों. मी मागें बसलों होतों व लॅपटॉप पुढच्या डाव्या सीटवर नुसता ठेवलेला होता. एका वळणावर शेळ्यांचा कळप आडवा आला. पुतण्यानें करकचून ब्रेक दाबला, तोंच लॅपटॉप सीटवरून घसरला, गीअरच्या दांड्यावर आपटला आणि चालकाच्या पायांशीं जाऊन पडला. शेळ्या वांचल्या, परंतु पुढच्या उतारावर पुन्हा ब्रेक दाबतांच पुतण्या ओरडला, "काका, ब्रेक दबत नाहीं!" यंत्राचा कोपरा ब्रेकच्या पेडलाखालीं अडकला होता. खालचा गीअर व हातब्रेक यांच्या साह्यानें गाडी कशीबशी उभी राहिली. यंत्राचा पडदा फुटला, त्याचें कांहींच वाटलें नाहीं.

असें कां होतें, हें थोडक्यांत पाहूं. मोटार ६० किलोमीटरच्या वेगानें चालली असतां आंतील प्रत्येक वस्तूही त्याच वेगानें, म्हणजे सेकंदाला सुमारें १६.७ मीटर या गतीनें, पुढें जात असते. ब्रेकनें थांबते ती मोटार. आंतील मोकळी वस्तु थांबत नाहीं. तिला अडवून धरणारें असतें फक्त सीटच्या कापडाचें घर्षण, आणि करकचून ब्रेक लागल्यास तें अपुरें पडतें. टक्कर झाली तर गोष्ट याहून भयंकर होते. हाच वेग सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यांत शून्यावर आला असें धरल्यास, २ किलो वजनाचें यंत्र सुमारें ३४ किलो भाराच्या जोरानें पुढें ओढलें जातें. तें डोक्यावर बसल्यास काय होईल, हें सांगावयास नको.

यावरून एकच नियम निघतो: लॅपटॉप एक तर मोटारीच्या सांगाड्याशीं पक्का बांधावा, नाहीं तर बंद करून ठेवून द्यावा. या दोहोंमधील तिसरा मार्ग नाहीं. मांडीवर, सीटवर किंवा समोरच्या फळीवर उघडा ठेवणें हा तिसरा मार्ग होय व तोच बहुतेकांचा आहे.

ज्यांस मोटारींत काम करावयाचें नसून यंत्र केवळ न्यावयाचें असतें, त्यांनीं तें पिशवींत घालून पुढच्या सीटच्या मागें तळाशीं घट्ट दाबून ठेवावें, किंवा डिकींत इतर जड सामानाखालीं न येईल असें बांधावें. यास कांहींही खर्च नाहीं. ज्यांस बागेच्या बांधावर किंवा बाजाराच्या आवारांत गाडींतच बसून काम करावें लागतें, त्यांनीं मात्र लोखंडी बैठक करवून घ्यावी. अमेरिकेंतील पोलिसांच्या गाड्यांत अशा बैठका वर्षानुवर्षें वापरांत आहेत. तयार बैठका विकत मिळतात व जाणता मिस्त्रीही त्या करूं शकतो.

बैठकीचे तीन भाग असतात: तळाची पट्टी, उभा खांब व वरचें तबक.

तळाची पट्टी डाव्या सीटच्या रुळांना जमिनीशीं धरणाऱ्या बोल्टांखालीं बसवितात. त्यामुळें गाडीच्या पत्र्यास नवें भोंक पाडावें लागत नाहीं. हे बोल्ट सीट धरतात, आणि पुष्कळ गाड्यांत सीटबेल्टाचा कांहीं भारही त्यांवरच येतो. म्हणून येथें हयगय नसावी. पट्टी बोल्टाच्या माथ्याखालीं, सीटच्या पायाच्या वर यावी. पट्टीच्या जाडीमुळें बोल्ट आंत कमी जातो. त्याच्या जाडीइतका तरी भाग आट्यांत गुंतला पाहिजे. लांब बोल्ट घालावा लागल्यास मूळ बोल्टाच्या माथ्यावर ८.८ किंवा १०.९ असा जो आंकडा असेल, तोच नव्यावर असावा. शेवटचें आंवळणें टॉर्क पान्यानें, कंपनीनें सांगितलेल्या मापाप्रमाणेंच करवावें.

आणखी एक सूचना. सीटखालीं पिवळ्या रंगाचे जोड असलेल्या तारा दिसल्यास त्या एअरबॅगच्या किंवा सीटबेल्ट ओढून धरणाऱ्या यंत्रणेच्या असतात. त्यांस हात लावूं नये. काम कंपनीच्या कारखान्यांतील मिस्त्रीकडून, बॅटरीची ऋण तार सोडवून करवावें.

खांब जितका आंखूड तितका बरा. तोच भार दुप्पट उंचीवर आला म्हणजे तळावरील पिळा दुप्पट होतो, आणि खराब रस्त्यावर लांब खांब वेताच्या काठीसारखा हेलकावतो. सर्व नट नायलॉनचें कडें असलेले वापरावे. साधे नट खडखडाटानें सैल होतात.

जागा निवडतांना एअरबॅगचें भान ठेवावें. डावी एअरबॅग समोरच्या फळींतून सेकंदाच्या विसाव्या हिश्श्याच्या आंत फुगते. तिच्या वाटेंत यंत्र आल्यास जीव वांचविणारी पिशवीच तें यंत्र प्रवाशाच्या तोंडावर फेकील. तेव्हां तबक गीअरच्या बाजूस, फळीपासून मागें व खालीं असावें. तथापि गीअर, हातब्रेक व चालकाचें कोपर यांस तें अडतां कामा नये. पुढच्या डाव्या सीटवर माणूस बसणार असेल, तर तबक व यंत्र काढून ठेवावें.

तबकास चारही बाजूंनीं वर वळलेल्या कडा हव्यात व यंत्रावरून एक रुंद पट्टा घट्ट ओढलेला हवा. केवळ चिकटपट्टी किंवा रबराची हवा धरणारी वाटी यांवर विसंबूं नये. उन्हानें दोन्ही सुटतात. तबकाला खालून भोंकें असावीं, म्हणजे पंख्याची वाट मोकळी राहते. यंत्रांत फिरणारी तबकडी असलेली जुनी हार्डडिस्क असल्यास ती बदलून एसएसडी घालावी. जुन्या डिस्कचें टोंक तबकडीच्या अगदीं लगत तरंगत असतें व धक्क्यानें घासून नोंदी नष्ट होऊं शकतात. एसएसडींत हलणारा भाग नाहीं. नोंदींची दुसरी प्रत घरीं ठेवावी, हें वेगळें सांगणें नलगे.

विजेविषयीं दोन शब्द. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची असते व पुष्कळ लॅपटॉपांस १९ ते २० व्होल्ट लागतात. म्हणून मोटारीसाठीं केलेला चार्जर घ्यावा. ६५ वॅटचा चार्जर पूर्ण भारावर सुमारें ६ अँपिअर ओढतो. इंजिन बंद ठेवून तीन तास असें काम केल्यास १८ अँपिअर-तास खर्च होतात, म्हणजे ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीचा निम्मा सांठा! मग गाडी ढकलण्यास गडी शोधावे लागतात. बॅटरीपासून वेगळी तार घेतल्यास फ्यूज बॅटरीच्या अगदीं जवळ घालावा. उन्हांत बंद गाडींतील उष्णता ५५-६० अंशांवर सहज जाते, आणि लॅपटॉपाची बॅटरी साधारणतः ४५ अंशांच्या वर भरूं नये. म्हणून उन्हाळ्यांत गाडी उभी करतांना यंत्र बरोबर न्यावें. त्यानें चोराचीही चिंता टळते.

बैठक कितीही पक्की असली तरी काम गाडी उभी करूनच करावें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्यें २०१९ सालीं दुरुस्ती झाली, आणि चालवितांना हातांतलें दळणवळणाचें उपकरण वापरणें हें धोकादायक चालविण्यांत गणलें गेलें. लॅपटॉप हातांत नसला तरी नजर रस्त्यावरून उडते ती उडतेच. पडदा चालकाच्या दृष्टीआड वळवून, झांकण मिटूनच गाडी सुरू करावी. महिन्यांतून एकदां तबक हातानें हलवून पाहावें. हललें तर नट आंवळावे.

मीं बत्तीस वर्षें महसूल कचेरींत कारकुनी केली. दप्तर एका खोलींतून दुसऱ्या खोलींत न्यावयाचें असलें, तरी तें रुमालांत बांधून, गांठ पक्की झाली कीं नाहीं हें पाहूनच उचलावें, असा आमचा दंडक होता. कागद सुटा नेणारास बोलणीं बसत. तोच मी निवृत्त झाल्यावर पुतण्याचें आठ वर्षांचें दप्तर सीटवर सुटें ठेवलेलें पाहिलें आणि गप्प बसलों, ही चूक माझी. वाचकांनीं ती करूं नये. दप्तर कागदाचें असो वा विजेचें, हलविण्यापूर्वीं तें बांधलेंच पाहिजे.